फॅमिली डॉक्टर आणि कोपऱ्यावरचं मेडिकल: ओळख आहेच, आता पद्धत बसवूया

कोल्हापुरात डॉक्टर आणि मेडिकलवाला एकमेकांना ओळखत नाहीत, असं सहसा होत नाही. शिवाजी पेठ घ्या, कसबा बावडा घ्या, नाहीतर इचलकरंजीची एखादी गल्ली. दवाखाना आणि मेडिकल हाकेच्या अंतरावर असतात, गणपतीची वर्गणी एकाच मंडळाला जाते. तरीही डॉक्टरांनी बी.पी.ची गोळी बदलली हे मेडिकलवाल्याला कळत नाही, आणि पेशंट दोन महिने शुगरची गोळी न्यायला फिरकलाच नाही हे डॉक्टरांना कळत नाही. कुणी कुणाला काय, कधी आणि कसं कळवायचं, हे कधी ठरलेलंच नसतं. ते कसं ठरवायचं, याबद्दल हे लिहितोय. मी काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे माप थोडं तिकडे झुकेल. डॉक्टरांनी सांभाळून घ्यावं.

आधी पैशाचा विषय मिटवा

डॉक्टर आणि मेडिकलवाला एकत्र बसले की बघणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो, ‘कट’. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी कमिशन घेणं किंवा देणं निषिद्ध आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही ते वाईटच. एकदा देणंघेणं सुरू झालं की फार्मासिस्ट त्या डॉक्टरांना ‘सर, हा डोस जास्त वाटतोय’ असं म्हणू शकत नाही. बोलण्याची मोकळीकच विकली जाते.

म्हणून डॉक्टरांनी एकाच दुकानाशी गाठ बांधू नये. ज्या दोन-तीन मेडिकलमध्ये आपले बहुतेक पेशंट जातात, त्यांना एकत्र बोलवावं. पेशंटनं कुठं जायचं हा त्याचा प्रश्न, दवाखान्यातून कुणी ‘इथूनच घ्या’ म्हणायचं नाही. दुकान निवडताना एवढं बघा: नोंदणीकृत फार्मासिस्ट प्रत्यक्ष काउंटरवर असतो का (नुसतं सर्टिफिकेट भिंतीवर नव्हे), फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का, आणि बिल पेशंटच्या नावानं निघतं का. तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण पुढचं निम्मं काम तिच्यावर उभं आहे.

पहिली बैठक तासाभराची पुरे. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा.

चिठ्ठी: अक्षरापेक्षा शेपटीकडे बघा

औषधाचं जेनेरिक नाव (कंपनीनं ठेवलेलं नव्हे, आतल्या मूळ औषधाचं) सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं वैद्यक परिषदेनं २०१६ मध्ये सांगितलं. डॉक्टरांच्या अक्षराबद्दल बोलून बोलून सगळे दमलेत, म्हणून तो विषय सोडतो. माझ्या मते खरा घोळ नावापुढच्या शेपटीचा असतो.

टेल्मिसार्टन ४० ही नुसती बी.पी.ची गोळी. पुढे ‘एएम’ आलं की आत अ‍ॅम्लोडिपिनही आहे. ‘एच’ आलं की हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. घाईत शेपूट लिहायची राहिली तर पेशंटला अर्धाच उपचार मिळतो. त्यातून पेशंट घरातून ‘एएम’चं रिकामं पाकीट घेऊन आलेला असतो आणि चिठ्ठीवर नुसतं ४० असतं. डॉक्टरांनी बदललंय की लिहायचं राहिलंय, हे आम्ही कसं ओळखायचं? ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या जोडगोळीतही तेच. ‘एम १’ आणि ‘एम २’ मध्ये ग्लिमेपिराइडचा डोस थेट दुप्पट होतो.

लहान मुलांच्या चिठ्ठीवर वजन लिहा, आणि ‘ड्रॉप्स’ की ‘सिरप’ हे स्पष्ट लिहा. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे एका मिलिला १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि १२५ च्या सिरपमध्ये एका मिलिला २५. म्हणजे सिरपच्या मापानं ड्रॉप्स पाजले तर बाळाला चौपट डोस जातो. फार्मासिस्टनं अशा वेळी तोंडी सांगून थांबू नये. बाटलीबरोबरच्या मापावर पेननं खूण करून द्यावी.

पुढची गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही: बंद केलेलं औषधही चिठ्ठीवर लिहा. ‘पायाला सूज, अ‍ॅम्लोडिपिन बंद’ एवढी एक ओळ. नाहीतर होतं असं, की जुनी पट्टी घरात शिल्लक असते, पेशंट ती संपवतो, वर नवीनही सुरू करतो. आणि कुणी वेगळ्या डॉक्टरांनी त्या सुजेवर लघवीची गोळी लिहिली, तर एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध अशी साखळी लागते.

आणखी एक. नियमानुसार चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल, तर त्या चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं असतं. पण बी.पी., शुगर, थायरॉइडचे पेशंट एकच चिठ्ठी वर्षभर वापरतात, कारण मागं कुणी काही लिहिलेलंच नसतं. डॉक्टरांनी ‘दर महिन्याला, ३ महिने, मग तपासणी’ असं लिहावं. पेशंटला दर महिन्याला दवाखान्यात हेलपाटा नाही, आम्हालाही अपराधी वाटत नाही, आणि चौथ्या महिन्यात ‘मामा, आता आधी डॉक्टरांना दाखवा’ म्हणायला कागदाचा आधार मिळतो.

शिक्का आणि तारीख

औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख टाकायची हेही नियमातच आहे. बरेच जण हे करत नाहीत, आणि करणारे ते कटकट म्हणून करतात. पण हा शिक्का म्हणजे डॉक्टरांसाठी फुकटचा रिपोर्ट आहे. समजा, ३० गोळ्या ५ जूनला नेल्या आणि पुढचा शिक्का २२ जुलैचा आहे. मध्ये ४७ दिवस गेले, म्हणजे १७ दिवस गोळी पोटात गेलेली नाही. डॉक्टर बी.पी. मोजतात, १६० दिसतं, डोस वाढवतात. खरं तर डोस पुरेसा होता, गोळीच घेतली जात नव्हती. पुढच्या महिन्यात पेशंट नेमानं वाढीव डोस घेतो आणि न्हाणीत चक्कर येऊन पडतो.

तेव्हा दोन्हीकडून एकेक सवय लावायची. मेडिकलनं ‘कॅश’ नावानं बिल न फाडता पेशंटचं नाव आणि मोबाइल टाकायचा, शिक्का मारायचा. डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी चिठ्ठी उलटसुलट करून तारखा बघायच्या.

उशीर दिसला तर काउंटरवर विचारायचं कसं, ही वेगळी कला आहे. ‘एवढे दिवस कुठं होता?’ म्हटलं की पुढच्या वेळी तो माणूस दुसऱ्या मेडिकलमध्ये जातो. त्यापेक्षा ‘मावशी, घरात गोळ्या शिल्लक होत्या काय?’ असं विचारावं. उत्तर बहुधा तीनपैकी एक येतं. ‘न्हाई वो, बरं वाटाय लागलं म्हणून सोडली.’ इथं दोन मिनिटं बोललं की भागतं. ‘ह्या महिन्यात जमलं न्हाई’ आलं तर विषय पैशाचा आहे. तेव्हा डॉक्टरांना निरोप द्यायचा, म्हणजे स्वस्त पर्याय किंवा जनऔषधी केंद्रातून घेता येईल असं जेनेरिक लिहून मिळेल. आणि ‘ती खाल्ली की खोकला येतो’ किंवा ‘पाय सुजतात’ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, कारण तो पेशंट गोळी पुन्हा सोडणार हे नक्की.

दवाखान्यातल्या पुड्या

आपल्याकडे अनेक फॅमिली डॉक्टर स्वतःच औषध देतात, दोन दिवसांच्या पुड्या बांधून. स्वतःच्या पेशंटला असं औषध द्यायची मुभा कायद्यानं दिलेली आहे, आणि गरिबाला ते परवडतंही. अडचण एवढीच की पुडीवर नाव नसतं. पेशंट संध्याकाळी मेडिकलमध्ये येऊन म्हणतो, ‘डॉक्टरांनी पांढरी, पिवळी आणि निम्मी गुलाबी दिलीय, ताप उतरंना, अजून एखादी द्या की.’ त्या पांढरीत पॅरासिटामॉल असेल आणि आम्ही दुसऱ्या नावाखाली तेच दिलं, तर दिवसाची कमाल ४ ग्रॅमची मर्यादा गाठायला वेळ लागत नाही.

उपाय साधा आहे. पुडीच्या पाकिटावर औषधाचं नाव आणि डोस लिहायचा. हातानं लिहायला वेळ नसेल तर नेहमीच्या औषधांचे रबरी शिक्के करून घ्या. कंपाउंडर मारील.

याच्याच जोडीला प्रत्येक जुनाट आजाराच्या पेशंटकडे एक यादी हवी. पोस्टकार्डाएवढं जाड कागदाचं कार्ड पुरतं. त्यावर चालू औषधं, बंद केलेली आणि का, कशाची अ‍ॅलर्जी, किडनीचा शेवटचा रिपोर्ट, आणि आयुर्वेदिक किंवा झाडपाल्याचं काही चालू असेल तर तेही. सीपीआरमधून (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातून) किंवा खासगी हॉस्पिटलमधून डिस्चार्ज झाला की पहिल्या आठवड्यात हे कार्ड नव्यानं लिहायचं. सगळ्यात जास्त गोंधळ त्याच आठवड्यात होतो. डिस्चार्ज कार्डावर एका कंपनीचं नाव, घरातल्या डब्यात दुसऱ्या कंपनीची तीच गोळी, आणि आजोबा दोन्ही घेतायत. पेशंटला ‘घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा’ असं सांगावं. ती पिशवी कुठंही ओतली तरी चालेल, दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये. फक्त कार्ड एकच असावं आणि शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

फोन कधी करायचा, आणि काय बोलायचं

निम्मे मेडिकलवाले डॉक्टर चिडतील म्हणून फोन करत नाहीत आणि उरलेल्यांतले काही जण इतक्या वेळा करतात की डॉक्टर उचलत नाहीत. पहिल्या बैठकीत तीन वर्ग ठरवून घ्या.

ताबडतोब, ओपीडी चालू असली तरी: संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाऐवजी रोज लिहिलेलं दिसलं, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिनोकुमेरॉल चालू असताना दुखण्याची गोळी आली, सांगितलेल्या अ‍ॅलर्जीचंच औषध आलं, मुलाचा डोस वजनाशी जुळत नाही, इन्सुलिनबद्दल कसलीही शंका. अशा वेळी उत्तर मिळेपर्यंत औषध द्यायचं नाही.

ओपीडी संपल्यावर: औषध उपलब्ध नाही, शेपटीची शंका, दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत तेच औषध.

फोन नकोच, महिन्याच्या बैठकीत दोघांनी बघायच्या वहीत नोंद पुरे: उशिरा आलेला पेशंट, गोळी परवडत नाही असं म्हणणारा, तिसऱ्यांदा पित्ताची गोळी नेणारा.

फोनवर पाल्हाळ नको. फॅमिली डॉक्टरांना करायच्या फोनचा नमुना असा: ‘मॅडम, ६२ वर्षांच्या काकू आहेत, तुमची टेल्मिसार्टन एच चालू आहे. गुडघ्यासाठी आज दुसरीकडून डायक्लोफेनॅक १० दिवस आलंय. कार्डावर क्रिएटिनिन वाढलेलं दिसतंय. पॅरासिटामॉलवर थांबता येईल का?’ बी.पी.ची ती गोळी, लघवीचं औषध आणि दुखण्याची गोळी ही तिकडी किडनीला जड जाते, हे डॉक्टरांना सांगायची गरज नसते. त्यांच्यासमोर फक्त ती तिकडी ठेवायची असते. मात्र बदल करायचा हक्क ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांचा. म्हणून आधी डायक्लोफेनॅक लिहिणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना फोन, ते मिळाले नाहीत तर फॅमिली डॉक्टरांना. मिळालेलं उत्तर वेळेसह चिठ्ठीवर लिहून ठेवायचं.

आणि हे सगळं चालू असताना पेशंटसमोर ‘डॉक्टरांनी चुकीचं लिहिलंय’ हे वाक्य तोंडातून जाता कामा नये. ‘एक गोष्ट विचारून घेतो, पाच मिनिटं बसा’ एवढं पुरतं. तसंच डॉक्टरांनीही ‘मेडिकलवाल्याला काय कळतंय’ हे बंद करायचं. दोघांपैकी एकाची पत गेली की पेशंट दोघांचंही ऐकत नाही.

काउंटरवरून परत कुणाला पाठवायचं

‘मिसळ जरा झणझणीत झाली, छातीत जळजळतंय, पित्ताची गोळी द्या.’ कोल्हापुरात हे वाक्य रोज ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरंच पित्त असतं. पण घाम फुटलाय, डावा हात किंवा जबडा भरून आलाय, जिना चढताना दम लागला, असं काही असेल तर गोळी द्यायची नाही. बसवायचं, १०८ ला फोन करायचा, आणि मग फॅमिली डॉक्टरांना कळवायचं. हीच यादी लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण संध्याकाळी काउंटरवर नवीन पोरगं असतं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला माणूस खोकल्याची आणखी एक बाटली मागतो, तेव्हा संध्याकाळी अंग गरम होतं का, वजन उतरलंय का हे विचारून डॉक्टरांकडे धाडा. टी.बी.च्या पेशंटची नोंद कळवणं खासगी डॉक्टरांना २०१२ पासून आणि औषध दुकानांना २०१८ पासून बंधनकारक आहे. कुणी कळवायचं यावर दोघांनी एकमेकांकडे बघत बसू नये. नोंद झाली की पेशंटला निक्षय पोषण योजनेचे पैसे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये.

तालमीतली पोरं आणि ऊसतोडीच्या हंगामातले मजूर अंगदुखीच्या गोळ्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक. अंग मोडून काम करणाऱ्याला ‘गोळी खाऊ नका’ म्हणणं सोपं आहे, पण त्याची रोजी बुडते. तरी सलग चौथ्या-पाचव्या दिवशी तीच गोळी मागितली की डॉक्टरांकडे पाठवावं, आणि उन्हात पाणी न पिता या गोळ्या घेतल्यास किडनीवर ताण येतो हे स्पष्ट सांगावं.

अँटिबायोटिक विनाचिठ्ठी मागणाऱ्यांबद्दल थोडक्यात: देऊ नका. सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या औषधांच्या जास्त कडक यादीत आहेत. त्यांच्यासाठी डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या यांचं वेगळं रजिस्टर ठेवून ते ३ वर्षं सांभाळावं लागतं. डॉक्टरांनीही बैठकीत ते रजिस्टर एकदा चाळावं. आपण स्वतः किती लिहितो, ते दिसतं.

इन्सुलिनसाठी वेगळी पाच मिनिटं

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिला ४० युनिट आणि १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली तर डोस अडीचपट जातो, आणि माणूस रात्री झोपेतच शुगर उतरून बेशुद्ध पडू शकतो. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर बाटलीची ताकद आणि सिरिंज दोन्ही लिहावं. मेडिकलनं बाटली आणि सिरिंज हातात शेजारी धरून दाखवल्याशिवाय देऊ नये. पहिल्या वेळी पेशंटकडूनच औषध भरून बघावं, पाणी घेऊन सराव केला तरी चालतो. न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचंच.

तेच औषध, दुसरी कंपनी

शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाचं चिठ्ठीवर ब्रँड नाव असेल तर आत तेच औषध असलेला दुसरा ब्रँडही आपल्या मनानं देता येत नाही. डॉक्टरांनी जेनेरिक नाव लिहिलं की हा प्रश्नच मिटतो. तरी फिट, थायरॉइड आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांत कंपनी वारंवार बदलू नये, हे दोघांनी मिळून ठरवा.

उपास आणि दूध कट्टा

नवरात्रात कडक नऊ दिवस करणारे आणि नुसतं ‘उठता-बसता’ करणारे, दोघंही घटस्थापनेच्या आधी औषधं न्यायला येतात. तीच वेळ विचारायची. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण चुकल्यावर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, त्यामुळे डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यायला हवा. मेडिकलनं आठवडाभर आधी अशा पेशंटची यादी सॉफ्टवेअरमधून काढून दवाखान्यात द्यावी. रमजानच्या आधी हेच.

आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिण्यात गैर काही नाही, फक्त त्याच घोटाबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लोहाची गोळी नको. दुधातल्या कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. थायरॉइडची गोळी तर रिकाम्या पोटी पाण्याबरोबरच, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीशी ४ तासांचं अंतर ठेवून.

पुराच्या आधीची तयारी

२०१९ आणि २०२१ मध्ये महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरची वाहतूक तुटली. त्या दिवसांत कुणाकडे किती गोळ्या शिल्लक आहेत, हा जिवाचा प्रश्न होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर आणि मेडिकलनं मिळून यादी करावी: इन्सुलिनवरचे, फिटचे, हृदयाचे, टी.बी.चे आणि डायलिसिसचे पेशंट, त्यातही प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळकडच्या पूरपट्ट्यातले. डॉक्टरांनी या पेशंटच्या चिठ्ठीवर पावसाळ्यापुरता १५ दिवसांचा जादा साठा लिहावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे जायला लागली की यादीतल्या प्रत्येकाला फोन जावा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नये.

चिठ्ठी आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, फोटो मोबाइलमध्ये. वीज गेली तर वापरातलं इन्सुलिन ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात गार राहतं. पुराच्या पाण्यातून फिरलेल्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. त्यासाठी डॉक्सिसायक्लिन कुणाला द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं. गर्भवती आणि लहान मुलांना ते चालत नाही, त्यामुळे काउंटरवरून सरसकट वाटप नको.

व्हॉट्सअ‍ॅप

२०२० च्या टेलिमेडिसिन (फोन किंवा ऑनलाइन तपासणी) मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर चिठ्ठीचा फोटो पाठवू शकतात. शेड्यूल एक्स आणि अमली पदार्थांच्या यादीतली औषधं मात्र अशी देता येत नाहीत. पेशंटला विचारून, आणि डॉक्टर ते फार्मासिस्ट असा थेट निरोप. ग्रुप काढू नका. मानसोपचाराची, गुप्तरोगाची, गर्भनिरोधाची चिठ्ठी पेठेतल्या ग्रुपवर फिरली की पेशंट पुन्हा दोघांच्याही दारात येत नाही. काउंटरवरही असं औषध देताना नाव मोठ्यानं उच्चारू नये.

महिन्याची बैठक

महिन्यातून एकदा, अर्धा तास, वही समोर ठेवून. उशिरा आलेले पेशंट, परवडत नाही म्हणणारे, फोनवर बदललेल्या चिठ्ठ्या आणि औषधाचा झालेला त्रास. त्रास गंभीर किंवा वेगळा असेल तर तो औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. डॉक्टर, फार्मासिस्ट किंवा स्वतः पेशंट, कुणीही कळवू शकतो.

सुरुवातीला सगळं एकदम करू नका. बी.पी. आणि शुगरचे वीस-पंचवीस पेशंट, कार्ड आणि शिक्का एवढंच तीन महिने चालवा. वही कोरी राहिली तर बहुधा काउंटरवर प्रश्न विचारले जात नाहीयेत, किंवा दवाखान्यात कुणी वही उघडत नाहीये. यातलं कुठलं, ते त्याच बैठकीत तोंडावर विचारायचं, आणि पुढच्या महिन्याची तारीख ठरवूनच उठायचं.